सिलोनात तुमचं नाव घेतलं

बाबा, मी तुमच्या सिलोनला जाऊन आले. त्याला आता श्रीलंका म्हणतात. तुम्ही होतात तेव्हाही म्हणत होते, पण आपल्या घरात ते सिलोनच राहिलं. येऊन तीन आठवडे झाले. आई जेवून पडली आहे, दुपारचे अडीच वाजलेत, आणि दिग्रसात या वेळी ऊन असं आहे की कुत्रंही रस्ता ओलांडत नाही. मी ओट्यापाशी स्टूल ओढून बसले आहे आणि हे लिहिते आहे. तुमच्याशी जन्मात कधी अशा पुस्तकी भाषेत बोलले नाही, पण कागद समोर आला की हात आपोआप शाळेत जातो. मध्ये राग आला तर आपली भाषा येईल, ती चालवून घ्या. राग येणारच आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी तुमच्या एका गोष्टीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि आता त्याच गोष्टीत मी तुमची गुन्हेगार होऊन बसले आहे.

तुम्ही कापसाच्या जिनिंगमधून यायचे तेव्हा भुवयांवर, कानांवर, नाकाच्या केसांवर रुई बसलेली असायची. आई दारातच फडकं द्यायची. हातपाय धुतले की तुम्ही रेडिओ घ्यायचे आणि कान लावून ती सुई हलवत बसायचे, सिलोन लागेपर्यंत. आम्हा पोरांना गाण्याशी मतलब. तुम्हाला गाण्याचं काहीच पडलेलं नसायचं. तुम्ही ऐकायचे ती नावं. फर्माईश पाठवणाऱ्यांची नावं तो निवेदक गावासकट वाचायचा, आणि तुम्ही डोळे मिटून, परीक्षेचा निकाल ऐकावा तसे ऐकायचे. मग एकदा तुम्हीही पोस्टकार्ड टाकलं. गाणं कोणतं मागितलं होतं ते तुम्हालाही आठवत नसेल. दोन-तीन महिन्यांनी एका दुपारी तुमचं नाव आलं. पूर्ण नाव, आडनावासकट, पुढे दिग्रस. त्याच्या आधी कुणा पाटलाचं होतं आणि नंतर कुणा ठाकूरसाहेबांचं. अर्धी वस्ती आपल्या दारात गोळा झाली. सगळे हसत होते, तुमच्या पाठीवर थापा मारत होते. तुम्ही मात्र रडत होते. मी विचारलं, "बाबा, काहून रडता?" तुम्ही म्हणालात, "पाह्यलं का वो पोरी? आवाज जरासाही हालला नाही त्याचा. पाटील म्हटला तसंच आपलं म्हटलं."

मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. नंतर कळलं. आपलं आडनाव सांगितलं की समोरच्याचा आवाज किंचित उतरतो, हे ज्याने रोज सोसलं आहे त्यालाच न उतरलेला आवाज ऐकू येतो. तुम्ही त्या एका आवाजावर अख्खा देश उभा केला. "बुद्धाचा देश हाय थो. तिथं कोणी कोणाले इचारत नाही." मग ते आपल्या घराचं बोलणंच झालं. शाळेत कुणी काही टोचून बोललं, नळावर भांडण झालं, कुणाच्या लग्नात आपल्याला वेगळ्या पंगतीत बसवलं, की तुम्ही म्हणायचे, "चाल वो, सिलोनले जाऊ." आई कपाळाला हात लावायची. "इथून आर्णीले जायाले एष्टी भेटत नाही, अन् म्हणे सिलोन!"

आता त्या दिवसाचं बोलते. मी अकरा वर्षांची. वर्गातल्या मैत्रिणीने महालक्ष्म्यांच्या जेवणाला बोलावलं होतं. तिच्या आजीने पाटावर बसवलं, पितळी ताटली मांडली, पुरणपोळीवर तुपाची धार धरली, आणि धार धरूनच विचारलं, "आडनाव काय वो बाई तुहं?" समोर पोळी होती बाबा. वास येत होता. मी आमच्या गल्लीपलीकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याचं आडनाव सांगितलं. म्हातारी खूश झाली, तुपाची धार आणखी वाढली. घरी येऊन मी हे सगळं हौसेनं सांगितलं, मोठा पराक्रम केल्यासारखं. तुम्ही रेडिओ बंद केलात. सदरा घातलात. माझा दंड धरून मला त्या घराच्या कोपऱ्यापर्यंत नेलंत आणि म्हणालात, "जाय. खरं सांगून ये."

तुम्ही आत आला नाहीत. कोपऱ्यावर उभे राहिलात. मी एकटी गेले, म्हातारीला हाक मारली, खरं आडनाव सांगितलं.  तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने सुनेला ती पितळी ताटली अंगणात आणायला लावली आणि ती शुद्ध करायला चुलीतला विस्तव आणून तिच्यात ओतला. माझ्यासमोर. मैत्रीण दाराआडून बघत होती. ती दुसऱ्या दिवसापासून वर्गात दुसऱ्या बाकावर बसायला लागली. परत येताना तुम्ही एकच वाक्य बोललात: "तुले तुहं नाव बदलाचं अशीन तं बदल. माहं कायले बदललं?"

कायले? अहो, भूक लागली होती म्हणून! अकरा वर्षांच्या पोट्टीले कोणी असं पाठवते का? तुम्हाला माहीत होतं आत काय होणार. तुमचं अख्खं आयुष्य तेच बघण्यात गेलं होतं. तरी पाठवलंत. तुमचा ताठा खरा राहिला आणि विस्तव मी पाहिला. आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही रोज जिनिंगमधून येताना माझ्यासाठी बोरं आणायचे आणि न बोलता चुलीजवळ ठेवायचे. मी ती खाल्ली नाहीत. बोरं वाळली आणि आईने फेकून दिली.

पण एक झालं, त्यानंतर मी कधी आडनाव लपवलं नाही. उलट झालं. नर्स झाले, सरकारी दवाखान्यात लागले, तर मी आडनाव आधी सांगायची आणि नाव नंतर. एकदा एका बाळंतिणीची सासू, बाळाचं डोकं दिसायला लागलेलं, आणि ही विचारते, "सिस्टर, तुम्ही कोणाच्या?" मी मोठ्यानं सांगितलं आणि म्हटलं, "आता बोला आजी, पोराले बाहेर काढू का राहू देऊ?" म्हातारी म्हणाली, "काढ वो माय, काढ!" सगळ्या बाया हसल्या. तुम्ही तेव्हा होतात. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ आली आणि आई मलाच रागावली. त्या खोकल्यानेच तुम्ही गेलात, अठ्ठावन्नाव्या वर्षी. मी आता अठ्ठावन्नची आहे.

विहारातल्या बायांनी यात्रा ठरवली तेव्हा मी आधी नाही म्हणाले. आई म्हणाली, "तुह्या बापाचं राह्यलं. तू तं जाऊन ये. अन् तिथं त्यायचं नाव घेजो." तुम्ही असतात तर तिच्यावर भडकला असता. मेलेल्याच्या नावानं काही करायचं नाही, हे तुमचंच शिकवणं. पण तिने देवाधर्माचं काही मागितलं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की ज्या देशातून तुमचं नाव एकदा आलं, तिथं ते पुन्हा एकदा बोललं जावं.

आम्ही चौतीस जण गेलो. मद्रासपर्यंत रेल्वे, पुढे विमान. विमानाला पाऊण तास लागला की तासभर, मला कळलंही नाही, मी खिडकीला नाक लावून होते. कोलंबोला उतरल्यावर काचेमागच्या साहेबाने माझा पासपोर्ट उघडला, आडनाव अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचलं, शिक्का मारला आणि हसला. बाप्पा! आवाज तसाच. मी बाहेर येऊन बाकीच्या बायांना म्हटलं, "माह्या बापानं सांगितलेलं खरं हाय." दोन दिवस ते सगळं खरंच होतं. चौकाचौकात काचेच्या पेटीत बुद्ध, समोर ताजी फुलं. बसचा ड्रायव्हर गाडी चालवता चालवता एक हात छातीशी नेऊन मान लववायचा. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, कुणी पचकन थुंकत नव्हतं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं अनवाणी, तापलेल्या दगडावरून सावकाश चालत होती, आणि त्यांच्या तोंडात ज्या गाथा होत्या त्याच आपण दिग्रसात म्हणतो. मी प्रत्येक गोष्ट तुमच्या डोळ्यांनी पाहत होते आणि मनात म्हणत होते, बाबा, तुम्ही न येता बरोबर ओळखलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीच माती खाल्ली. आमचा गाईड पंचेचाळिशीचा, मिशाळ, गप्पिष्ट माणूस. बारा वर्षं बोधगयेत राहिलेला, म्हणून हिंदी चांगलं. मी बसमध्ये त्याच्याजवळ जाऊन बसले आणि फुशारकीनं विचारलं, "इधर जात वगैरे कुछ नहीं ना?" तो हसला. "रोज के काम में नहीं, मॅडम. शादी के टाईम सब निकलता है. नाम सुना कि समझ जाते हैं." मग त्याने आपलंच सांगितलं. त्याचे आजे-पणजे देवळात ढोल वाजवायचे, म्हणजे तिथली खालची जात. त्याला एक मुलगी आवडत होती, तिच्या घरच्यांनी नाव ऐकलं आणि दार लावलं. पुढे त्याने पेपरात छापून घराण्याचं नाव बदललं. "बहुत लोग बदलते हैं. आसान है." हे तो लिमलेटची गोळी चघळत सांगत होता. मी त्याला तुमच्या रेडिओचंही सांगितलं. तर तो म्हणाला, "वो हिंदी बोलनेवाले तो आपके इंडिया से ही आते थे, मॅडम."

बाबा, मी उठून माझ्या जागेवर येऊन बसले. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "काय झालं वो, गाडी लागली का?" मी हो म्हटलं. बाहेर चहाचे हिरवे डोंगर सुरू झाले होते, सगळे मोबाईल काढून उभे होते, आणि मला एकाही डोंगराकडे पाहवेना. तुमचं सिलोन मी तिथं जाऊन मोडलं होतं. घरी बसले असते तर ते धड राहिलं असतं. आता मला तिथली प्रत्येक गोष्ट वेगळी दिसायला लागली. हसणाऱ्या माणसाकडे पाहिलं की वाटायचं, हा का हसतोय, याला काय विचारायचं आहे. दोन दिवस ज्यांना मी फुलांसारखी माणसं म्हणत होते, तीच माणसं दोन तासांत मला त्या महालक्ष्म्यांच्या घरातली वाटायला लागली. त्यांनी काहीच केलं नव्हतं.

आणि अशा मनाने मी एका विहारात पोचले. कॅन्डीच्या अलीकडे एक लहानसं गाव. पौर्णिमा होती, गावातल्या लोकांनी भन्तेंसाठी जेवण आणलं होतं. यात्रेकरू पाहून त्यांनी आमची बस थांबवली आणि आम्हाला आत नेलं. चटईवर बसवलं. एका म्हातारीने, आईच्याच वयाची असेल, माझ्यासमोर ताटली ठेवली. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, वड्यांसारखा कापलेला, बाजूला लाल तिखट चटणी. मग ती समोर बसली, माझा हात हातात घेतला आणि वर बोट करून म्हणाली, "तात्ता?" बापाबद्दल विचारते हे कळलं. मी मान हलवून नाही म्हटलं. तिने चुकचुक केलं, कमरेच्या पिशवीतून वही काढली आणि गाईडला काहीतरी सांगितलं. तो दोन्ही हातांत पाण्याचे जग घेऊन घाईत चालला होता. जाता जाता म्हणाला, "अम्मा पिताजी का नाम पूछती है. पूरा नाम, खानदान के साथ."

समोर ताटली. हात म्हातारीच्या हातात. आणि बापाचं नाव, खानदानासकट. आपल्याकडे बापाचं पूर्ण नाव कोणी उगाच विचारत नाही. मी विचार केला नाही हो. तुमचं नाव खरं सांगितलं आणि आडनाव ते सांगितलं. तेच, अकराव्या वर्षीचं. इतक्या वर्षांत एकदाही ओठांवर न आलेलं. तिला ते नीट ऐकू आलं नाही, तिने कान पुढे केला. मी पुन्हा सांगितलं, सावकाश, सुटं करून. तिने वहीत गोल गोल अक्षरांत लिहून घेतलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. तिला त्या आडनावाचं काय कळणार होतं? तिला आपलं खरं आडनाव आणि हे आडनाव सारखंच परकं. अख्ख्या गावात त्या दोन नावांतला फरक कळणारी मी एकटीच होते.

भन्तेंचं जेवण झालं. म्हातारी मला उठवून पुढे घेऊन गेली. एका ताटात वाटी, आणि तोटीची किटली. तिने किटली धरली, माझा हात आपल्या हातावर ठेवला आणि वाटीत पाणी ओतायला लागली. वाटी भरली, पाणी ताटात सांडायला लागलं. भन्ते गाथा म्हणत होते, ती मला पाठ होती, मी सोबत म्हणत होते. आपल्या मेलेल्या माणसांना पुण्य पोचो, अशी. मग त्यांनी म्हातारीची वही उचलली आणि नावं वाचायला घेतली. पाच-सहा सिंहली नावं गेली आणि मग तुमचं नाव आलं. मागे ते आडनाव. आवाज जरासाही हलला नाही. तेव्हा मला कळलं की ती म्हातारी काय विचारत होती. तिला तुमची जात नको होती. तिला तुमचं नाव तिच्या माणसांत घ्यायचं होतं.

बाहेर आल्यावर गाईड म्हणाला, "अम्माने आपके पिताजी का नाम अपने पति के नाम के नीचे लिखा है. हर साल इसी पौर्णिमा को पढ़ेंगे." म्हणजे दरवर्षी, बाबा. दरवर्षी त्या गावात तुमच्या नावाने पाणी ओतलं जाईल आणि ते पाणी तुमचं नसेल.

आमच्यातल्या एकाची चप्पल हरवली होती, ती शोधण्यात बस अर्धा तास थांबली. अर्धा तास! विहाराचं दार बसच्या खिडकीतून दिसत होतं, म्हातारी पायरीवर बसून भांडी पुसत होती. उतरून वीस पावलं जायचं, वहीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, हे नव्हे, असं लिही. तिने विस्तव आणला नसता. फार तर हसली असती. मी पर्स मांडीवर धरून बसून राहिले. अकराव्या वर्षी गेले होते, कारण तुम्ही कोपऱ्यावर उभे होतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कोणी पाठवलं नाही, आणि मी गेले नाही. पुढचे चार दिवस मी काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. मला तो देश वाईट वाटेना आणि चांगलाही म्हणता येईना. रेडिओ ऐकून तुम्हाला तो जसा दिसला तसा तो नव्हता. गाईडचं ऐकून मला जसा दिसला तसाही नव्हता. तिथं माणसं होती. आणि मी आपलं दिग्रस पिशवीत भरून तिथं घेऊन गेले होते.

आल्यावर विहारात सगळ्यांना अनुभव सांगायला लावले. मी रस्त्यांच्या स्वच्छतेबद्दल बोलले. टाळ्या पडल्या. आईने घरी विचारलं, "घेतलं का नाव?" म्हटलं, घेतलं. "पुरं?" म्हटलं, पुरं, भन्तेंनी सगळ्यांसमोर वाचलं. तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "पाह्य, म्हंजे थे खोटं नोहते बोलत." आता येणाऱ्याजाणाऱ्याला ती हेच सांगते. मी चहा ठेवायला आत जाते.

ती उठायच्या आत हा कागद फाडायचा आहे, तिला वाचता येतं. त्याआधी एकच. भन्तेंच्या तोंडून ते नाव आलं तेव्हा मला लगेच लाज वाटली नाही. लाज मागून आली. आधी, एक श्वासभर, मी त्या नावाचा माणूस पाहिला. तोंडवळा तुमचाच. जिनिंगचा मुनीमजी त्याला अहोजाहो करत होता. छातीत कफ झाला तेव्हा मालकाने त्याला धुळीतून उठवून सावलीत खुर्चीवर बसवलं होतं. तो नव्वदीला टेकून, स्वतःचा पासपोर्ट काढून सिलोनला आला होता आणि माझ्या शेजारी मांडी घालून तो भात खात होता. मला फार बरं वाटलं, बाबा. त्या एका श्वासात मला तुम्ही नको होतात, तो बाप हवा होता.